तेवीस वर्षांची एटीकेटी

'ताई, मी फ्रीमाँटला राहते, वय ४३. डोंबिवलीत एस.वाय. बी.कॉम.ला असताना लग्न ठरलं. अकाउंट्समध्ये २९ मार्क पडले होते. एटीकेटीवर टी.वाय.ला प्रवेश घेतला, पण दिवाळीत लग्न झालं आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. त्याला आता तेवीस वर्षं झाली. गेली सहा वर्षं इथल्या एका इंडियन ग्रोसरीवाल्याचे हिशेब क्विकबुक्सवर मीच सांभाळते. मागच्या उन्हाळ्यात मुलीने ओलोनी कॉलेजात हायस्कूलच्या क्रेडिटसाठी एक क्लास घेतला होता. तिला सोडायचे आणि क्लास संपेपर्यंत गाडीतच बसून राहायचे. तेव्हापासून डोक्यात आहे की आपणही इथे नाव घालावं. आधी कम्युनिटी कॉलेज, म्हणजे डिग्रीची पहिली दोन वर्षं, मग युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर आणि अकाउंटिंगची डिग्री. जमलंच तर बर्कले. नवरा म्हणतो, त्यापेक्षा मुंबईची टी.वाय. बाहेरून पूर्ण कर, डिग्री ती डिग्री. मंडळाच्या पोटलकला विषय काढला तर एक बाई म्हणाल्या, "अगं, ज्यांना कुठेच मिळत नाही ते जातात तिथे." मुलगी आता अकरावीत आहे. ती म्हणते, "आई, प्लीज, मी असेन त्या कॉलेजात नको." पण खरं सांगू का, मला भीती एकाच गोष्टीची वाटते. फॉर्मवर आधीचं शिक्षण विचारतात. ते २९ मार्क दाखवायलाच हवेत का? मार्कशीट डोंबिवलीला भावाकडे कपाटात आहे, कोणाला दिसणारही नाही. बारावी पास एवढंच लिहिलं तर चालेल ना?'
— एटीकेटीवाली, फ्रीमाँट

प्रिय एटीकेटीवाली,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण सगळं पत्र त्याच्याभोवतीच फिरतंय.

नाही, चालणार नाही. बारावीनंतर जगात कुठेही कॉलेज केलं असेल, अर्धवट का असेना, ते इथल्या दोन्ही सरकारी युनिव्हर्सिट्यांच्या, म्हणजे यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि सीएसयूच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी), अर्जात दाखवावंच लागतं. लपवलं आणि नंतर उघडकीला आलं, तर दिलेला प्रवेश काढून घेता येतो. तुम्ही हिशेब ठेवणाऱ्या बाई. एक व्हाउचर दडवलं की पुढची प्रत्येक एंट्री त्याला सांभाळून करावी लागते, हे तुम्हाला मी काय सांगणार? काम सांभाळून ट्रान्स्फरला चार वर्षं लागतील. चार वर्षं त्या कपाटातल्या कागदाचं ओझं घेऊन अभ्यास करायचा?

आणि त्या कागदाला तुम्ही देताय तेवढी किंमत इथे कोणी देणार नाही. तेवीस वर्षांपूर्वी राहिलेला एक पेपर आणि त्याच्याशेजारी आताचे साठ युनिटचे, म्हणजे साठ क्रेडिटचे, चांगले ग्रेड. अर्ज वाचणारा माणूस जास्त वेळ कशावर थांबेल? शिवाय यूसीच्या अर्जात ट्रान्स्फरवाल्यांना चार प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात, प्रत्येकी साडेतीनशे शब्दांत. त्यातला एक सगळ्यांना सक्तीचा, उरलेले तीन सातांतून निवडायचे. सक्तीचा प्रश्न असा की, जो विषय घ्यायचा म्हणताय त्याची तयारी तुम्ही कशी केलीत? अकाउंट्समध्ये नापास झालेली मुलगी पुढे सहा वर्षं एका दुकानाची वही चोख ठेवते, हे एकोणीस वर्षांच्या कोणत्या पोराला लिहिता येणार आहे? तो २९ चा आकडा नसता, तर तुमच्या उत्तरात अर्धी मजा राहिली नसती.

तेव्हा भावाला फोन करा आणि कपाटातलं सगळं बाहेर काढायला सांगा. दहावी, बारावी, एफ.वाय., एस.वाय., जे असेल ते. स्कॅन करून ठेवा आणि मूळ कागद येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून मागवा. ट्रान्सक्रिप्टसाठी कोणाला तरी आधी कॉलेजच्या ऑफिसात आणि लागलं तर कलिन्याला, मुंबई विद्यापीठात, खेपा घालाव्या लागतील. हे काम आजच सुरू करा, गरज चार वर्षांनी असली तरी. तेवीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर शोधायचं म्हणजे शिपायाचा मूड, क्लार्कची रजा आणि गणपतीची सुट्टी, सगळं धरून चालावं लागतं. कम्युनिटी कॉलेजला परदेशी शिक्षणाचे युनिट मोजून हवे असतील तर सहसा डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून मूल्यांकन करून द्यावं लागतं. यूसी मात्र मूळ मार्कशीट स्वतः तपासते. एफ.वाय.चे काही युनिट पदरात पडले तर उत्तमच, नाही पडले तरी बिघडत नाही.

याच फॉर्मवर आपल्या लोकांची हमखास चूक होते, तीही सांगून टाकते. आपण अकरावी-बारावीला 'ज्युनिअर कॉलेज' म्हणतो. अमेरिकेत ज्युनिअर कॉलेज म्हणजे आजची ही कम्युनिटी कॉलेजंच. पूर्वी त्यांना तेच नाव होतं. इलिनॉयमधलं जोलिएटचं १९०१ सालचं, कॅलिफोर्नियातलं पहिलं फ्रेझ्नोचं, १९१० सालचं. आपल्या बायका भोळेपणाने बारावीचं ज्युनिअर कॉलेज 'कॉलेज' म्हणून भरतात आणि मग ट्रान्सक्रिप्ट कुठे आहे म्हणून ईमेल यायला लागतात. तुमची एच.एस.सी. म्हणजे इथलं हायस्कूल. कॉलेज सुरू होतं ते एफ.वाय.पासून.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. तो टाकाऊ नाही, पण त्यात एक मेख आहे. तुमची डिग्री अर्धवट राहिली आहे म्हणूनच तुमच्यासाठी दार उघडं आहे. टी.वाय. पूर्ण करून बी.कॉम. हातात आली की इथल्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या लेखी तुम्ही 'दुसरी बॅचलर्स' मागणाऱ्या ठरता. यूसी तशा अर्जदारांना जवळजवळ घेतच नाही. सीएसयूतही मोजक्या कॅम्पसवर मोजक्याच विषयांना वाव असतो. मग राहतो मास्टर्सचा रस्ता आणि तिथे आपली तीन वर्षांची डिग्री चार वर्षांच्या बरोबरीची धरायची की नाही, हा घोळ प्रत्येक युनिव्हर्सिटीत नव्याने सुरू होतो. म्हणजे खर्च करून, परीक्षेसाठी विमानाने जाऊन, आपण आपल्याच हाताने एक दार लावून घ्यायचं. त्यांना एवढंच सांगा. वाद घालू नका, कागदावर दोन रस्ते काढून दाखवा. इंजिनिअर असतील तर फ्लोचार्टला लवकर वश होतात.

(ज्या वाचकांची बी.कॉम. पूर्ण झालेली आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. तुमच्यासाठी कम्युनिटी कॉलेज म्हणजे ट्रान्स्फर नव्हे, तर थेट अकाउंटिंगचे लागतील तेवढे क्लास. कॅलिफोर्नियात सीपीएची, म्हणजे इथल्या सी.ए.ची, परीक्षा द्यायला बॅचलर्स आणि अकाउंटिंगचे २४, बिझनेसशी संबंधित २४ युनिट लागतात, आणि कम्युनिटी कॉलेजातले युनिट त्यात धरले जातात. मात्र आपली तीन वर्षांची डिग्री तिथे बॅचलर्स धरली जाईल की नाही, हे मूल्यांकन करून आधी ठरवून घ्या. तुमचं गणित वेगळं आहे, इतकंच.)

पोटलकच्या बाईंबद्दल फार लिहीत नाही. फक्त पुढच्या वेळी भेटल्या की सहज विचारा, त्यांच्या मुलाने उन्हाळ्यात कॅल्क्युलस कुठे केलं? फ्रीमाँटमध्ये बहुतेकदा उत्तर येतं 'ओलोनीला'. मुलं क्रेडिट जमवायला तिथे गेली की ती हुशार, आणि आई गेली की तिला कुठे मिळालं नाही! १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला, त्यातच हे ठरलं होतं की कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं असेल आणि तिथून चांगले ग्रेड घेऊन निघालेल्यांसाठी युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाच्या जागा राखल्या जातील. तुम्ही मागच्या दाराने जात नाही आहात. हा रस्ता सरकारनेच आखून ठेवलाय.

त्या रस्त्यावर मी स्वतः आपटलेय, म्हणून जरा तपशिलात जाते.

मी ३९ व्या वर्षी बे एरियातल्याच एका कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. नाव सांगत नाही, कारण चूक निम्मी माझी होती. काउन्सेलरने विचारलं, 'बिझनेस ना? मग मॅथ्ससाठी स्टॅटिस्टिक्स घे.' मी घेतलं, ए ग्रेडही आला. दोन वर्षांनी अर्जाच्या वेळी कळलं की मला हव्या असलेल्या कॅम्पसला कॅल्क्युलस लागत होतं. एक वर्ष गेलं. ज्या संकेतस्थळावर हे दहा मिनिटांत दिसलं असतं त्याचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याचं नाव असिस्ट. आपलं कॉलेज निवडायचं, पुढची युनिव्हर्सिटी निवडायची, विषय निवडायचा. कुठला क्लास कुठल्या क्लासच्या जागी धरला जातो, त्याची यादी उघडते. काउन्सेलरकडे जरूर जा, 'एज्युकेशनल प्लॅन' लिहून घ्या, पण जाताना असिस्टचं ते पान छापून बरोबर न्या. डॉक्टरकडे जुने रिपोर्ट घेऊन जातो तसं. काउन्सेलर वाईट नसतात, त्यांच्यापुढे दर अर्ध्या तासाला नवा माणूस बसलेला असतो.

म्हणून आधी कॅम्पस ठरवा, मग क्लास. तुमचं घर फ्रीमाँटला, मुलं तिथे, नवऱ्याची नोकरी तिथे. यूसीची ट्रान्स्फरवाल्यांना प्रवेशाची जी हमी असते, ज्याला टॅग म्हणतात, ती सहा कॅम्पसना लागू आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. रोज जाऊन-येऊन करता येईल असं त्यातलं एकच, सांता क्रूझ, आणि तेही हायवे १७ च्या वळणांवरून. बर्कलेला टॅग नाही. म्हणजे अर्ज करू नये असं नव्हे. फ्रीमाँटहून बार्टची, म्हणजे इथल्या लोकलची, गाडी न बदलता डाउनटाउन बर्कलेला उतरता येतं आणि जास्त वयाचे विद्यार्थी तिथे नवीन नाहीत. पंचविशीपुढच्यांना यूसीत 'रि-एंट्री' विद्यार्थी म्हणतात. पण बर्कलेच्या बिझनेसला फार थोड्यांना घेतात. तेवढ्या एका नावावर चार वर्षं लावू नका. लॉटरीचं तिकीट घ्यायला हरकत नाही, त्यावर घराचं कर्ज काढू नये.

तुमचा खरा रस्ता मला सीएसयूकडून दिसतो. हेवर्डच्या टेकडीवरचं ईस्ट बे आणि सॅन होजे स्टेट, दोन्ही हाताशी आहेत. २०१० च्या कायद्याने 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर', म्हणजे कम्युनिटी कॉलेजचीच एक डिग्री, आली. बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशनची ती डिग्री साठ युनिटमध्ये पूर्ण केली आणि ग्रेड किमान अटीत बसले, की सीएसयूत कुठे ना कुठे जागा नक्की. पुढे साठच युनिट उरतात, म्हणजे 'हाही विषय परत कर' हा प्रकार नाही. 'कुठे ना कुठे' हे शब्द मात्र नीट वाचा. हमी सीएसयूच्या कॅम्पसपैकी कोणत्यातरी एकाची असते, सॅन होजेचीच असं नाही. म्हणून दोन्हीकडे भरा आणि ईस्ट बेला दुय्यम समजू नका. सीपीएच्या परीक्षेत कोणी विचारत नाही की ट्रायल बॅलन्स कुठल्या टेकडीवर शिकलात.

अर्ज म्हणाल तर यूसी आणि सीएसयू दोन्हींचे १ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरच्या सुमारास घेतात आणि प्रवेश पुढच्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरचा असतो. टॅगचा अर्ज त्याआधी, फक्त सप्टेंबरात. एसएटी वगैरे काही नाही.

पैशांचं थोडक्यात. कम्युनिटी कॉलेजात कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना युनिटला ४६ डॉलर पडतात. साठ युनिटचे २७६० होतात. पुस्तकं आणि किरकोळ फिया वेगळ्या. चौघांच्या एका भारतवारीच्या तिकिटांहून हे कमीच झालं. पुढे सीएसयूची वर्षाची ट्यूशन २०२५-२६ साली ६४५० डॉलर होती, त्यावर कॅम्पसच्या फिया. यूसीची त्याच्या दुपटीहून जास्त. एफएएफएसए, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरा. लग्न झालेल्यांचं नवऱ्याचं उत्पन्न धरतात, त्यामुळे तुमच्या हाती फार काही लागेल असं मला वाटत नाही, पण भरायला पैसे पडत नाहीत. साधारणपणे सिटिझन किंवा ग्रीन कार्ड असेल तरच केंद्राची मदत मिळते. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसाच्या आधाराने, इथे असलेल्या मैत्रिणी हे वाचत असतील तर त्यांनाही शिकता येतं, त्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही.

'चार वर्षांनी तू तशीही सत्तेचाळीसची होणारच आहेस,' हे वाक्य तुम्हाला दहा जणी ऐकवतील. मला ते फसवं वाटतं. ती चार वर्षं फुकट मिळत नाहीत. रविवारची संध्याकाळ जाते, कारण असाइनमेंट रात्री ११:५९ ला बंद होते. एखादी मंगळागौर जाते. मुलाच्या सॉकरच्या मॅचला तुम्ही मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून डेप्रिसिएशनची उदाहरणं सोडवत बसता, गोल होतो आणि तुम्हाला दिसत नाही. हे घरात आधी बोलून घ्या. कुठल्या दोन संध्याकाळी स्वयंपाक तुमच्याकडे नाही, ते वार ठरवून फ्रिजवर लावा. 'आम्ही मदत करू' हे वचन पहिल्या मिडटर्मपर्यंत टिकतं. फ्रिजवरचा कागद जास्त टिकतो.

वर्गात काय होतं ते सांगते. माझी पहिली परीक्षा होती. सगळ्यांनी दप्तरातून एक हिरवट लांब पट्टी काढली, गोल काळे करायची. माझ्याकडे नव्हती. स्कॅनट्रॉन स्वतः विकत आणायची असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे उत्तरपत्रिका वर्गात वाटतात, पुरवणीसुद्धा हात वर केला की येते! पेनही निळं, पेन्सिल नाहीच. शेजारी नाकात चमकी घातलेला एक मुलगा होता, एकोणीस-वीसचा. त्याने न बोलता एक पट्टी माझ्याकडे सरकवली, मग पेन्सिलचं दातांनी चावलेलं टोक जीन्सला पुसून तीही दिली. पुढे त्याच मुलाबरोबर माझा ग्रुप प्रोजेक्ट झाला. तो रात्री पावणेबाराला मेसेज करायचा, मी पहाटे पाचला उत्तर द्यायचे. दोघांच्या मधल्या वेळात प्रोजेक्ट कसा पूर्ण झाला, देव जाणे. तुम्हाला वाटतं तितकं ही मुलं आपल्याकडे बघत नाहीत. त्यांच्यातलेही निम्मे कुठेतरी शिफ्ट करून आलेले असतात.

प्राध्यापकांना नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. वर्षभर 'प्रोफेसर'वर भागवलं. पण ऑफिस अवर्स चुकवू नका. आपल्या मनात सरांनी केबिनमध्ये बोलावणं म्हणजे काहीतरी चुकलंय. इथे ते त्या तासाला दार उघडं ठेवून बसलेले असतात आणि बहुतेकदा कोणी येतच नाही.

मुलीचं म्हणाल तर ती खरं बोलली, त्यात वाईट वाटून घेऊ नका. सतराव्या वर्षी आई त्याच शहरातही नको असते. आणि ती तर तुमच्याआधी घरातून निघून जाणार. तिचे अर्ज येत्या नोव्हेंबरात जातील, तुमचे त्यानंतर तीनेक वर्षांनी, त्याच यूसीच्या पोर्टलवर. त्या चार प्रश्नांची उत्तरं तपासायला तिच्याइतकं कठोर माणूस तुम्हाला मिळायचं नाही.

राहिला प्रश्न सुरुवातीचा. ऑगस्टच्या शेवटी फॉल, म्हणजे वर्षाचं पहिलं सत्र, सुरू होईल. एकच क्लास घ्या आणि तो फायनान्शियल अकाउंटिंगचा, संध्याकाळचा, वर्गात बसून करायचा. सगळे तुम्हाला सांगतील की आधी इंग्लिश कर, सोपं काहीतरी घे, ऑनलाइन घे. मी उलट सांगते. ज्या विषयाने तुम्हाला तेवीस वर्षं गप्प बसवलं तोच पहिला घ्या, कारण आता तो तुम्हाला येतो. डेबिट-क्रेडिट तुम्ही रोज करता, फक्त त्याला पुस्तकात काय म्हणतात ते शिकायचंय. झेपलं नाही तर ठरलेल्या मुदतीत ड्रॉप करता येतो, ती तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा. गणितासाठी पूर्वीसारखी प्लेसमेंट टेस्ट नाही, त्यामुळे सातवीचे अपूर्णांक काढून बसायची गरज नाही. क्लास भरलेला दिसला तरी वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा. हल्ली मदतीचे पैसे लाटायला खोटी नावं घालणाऱ्यांचा कम्युनिटी कॉलेजांत सुळसुळाट झालाय. पहिल्या आठवड्यात ती नावं गळतात आणि जागा रिकाम्या होतात. त्याच कारणाने तुमच्याकडे ओळखपत्र पुन्हा पुन्हा मागतील, वैतागू नका.

पहिल्या आठवड्यात पार्किंगला फार गर्दी असते, अर्धा तास आधी निघा. आणि स्कॅनट्रॉनच्या दोन पट्ट्या घेऊन जा. एक शेजारच्याला लागेल.

— तुमची ताई